कंपनी कमांडरला कंपनीत राहू द्या : संरक्षणमंत्र्यांना खुलं पत्र

मा. संरक्षणमंत्री साहेब,
जय हिंद.

मी सातारा जिल्ह्यातला. इन्फंट्रीत चोवीस वर्षं काढून हवालदार म्हणून पेन्शनीवर आलो, शेवटची तीन वर्षं रायफल कंपनीत सीएचएम होतो, म्हणजे कंपनी हवालदार मेजर. विमानं, तोफा, ड्रोन ह्यावर टीव्हीवर रोज चर्चा चालते, कंपनीबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही म्हणून हे लिहितोय.

ज्यांच्या घरात फौजी नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पलटणीत चार रायफल कंपन्या, एकेकीत साधारण १२० माणसं. कंपनीत तीन प्लाटून, प्लाटूनमध्ये तीन सेक्शन, सेक्शनला दहा जण. सेक्शन हवालदार नाहीतर नायकाकडे, प्लाटून सुभेदार किंवा नायब सुभेदार साहेबांकडे आणि सगळ्यांच्या वर मेजर साहेब. रोल कॉल, ड्युट्या, शिस्त सीएचएम बघतो, कपडे आणि बाकी सामान सीक्यूएमएच, म्हणजे कंपनी क्वार्टर मास्टर हवालदार.

आता हे सगळं चालतं कशावर, तर ओळखीवर. कुणाची बायको दिवसात आहे, कुणाच्या बांधाची केस कोर्टात आहे, चढाला कुणाचा दम लवकर तुटतो, गोळ्यांचा मार पडायला लागला की कोण गप होतो आणि कोण उलट पेटतो, हे कमांडरला माहीत पाहिजे. बंकरमध्ये दोघांची जोडी लावायची तर कोणाबरोबर कोण, हे नावांची यादी बघून कळत नाही साहेब.

लडाखमधली रेझांग ला खिंड आठवा, चीनबरोबरची लढाई. १८ नोव्हेंबर १९६२, १३ कुमाऊं पलटणीची चार्ली कंपनी, सोळा हजार फुटांच्या वर, मागून तोफखान्याची मदत नाही. मेजर शैतान सिंग गोळीबारात एका प्लाटूनकडून दुसऱ्या प्लाटूनकडे स्वतः जात राहिले. तिन्ही प्लाटूनचे कमांडर जमादार होते, म्हणजे आजचे नायब सुभेदार. जवळपास १२० पैकी ११४ जण तिथेच पडले पण जागा सोडली नाही. अशी कंपनी सहा महिन्यांत उभी राहत नाही.

आणि आमच्याकडे काय झालं, तर पंधरा महिन्यांत तीन कंपनी कमांडर. एक साहेब कोर्सला गेले, दुसरे स्टाफवर म्हणजे मुख्यालयातल्या पोस्टिंगवर, तिसरे आले ते तरुण कॅप्टन. माणूस चांगला, मेहनती, पण आल्यावर आठवड्यातच रात्रीच्या पेट्रोलला त्यांनी पुढचा स्काउट म्हणून असा पोरगा लावला ज्याला अंधारात नीट दिसत नव्हतं आणि तो लाजेपोटी बोलत नव्हता. सिनियर जेसीओ, म्हणजे सुभेदार दर्जाच्या साहेबांनी बाजूला घेऊन सांगितलं म्हणून बदल झाला. कॅप्टन साहेबांची चूक नव्हती, त्यांना कळायला वेळच मिळाला नव्हता.

२००४ ला अधिकाऱ्यांच्या प्रमोशनबद्दलच्या ए. व्ही. सिंग समितीच्या शिफारशी लागू झाल्या, मेजर अकराऐवजी सहा वर्षांत आणि लेफ्टनंट कर्नल तेरा वर्षांत व्हायला लागले. प्रमोशन लवकर मिळालं, चांगलंच झालं, त्यांचा हक्क होता. पण मेजरकीची जी सात वर्षं उरली त्यातच स्टाफ कॉलेजची परीक्षा, कोर्स, इन्स्ट्रक्टरची पोस्टिंग, सगळं आलं, त्यात अधिकाऱ्यांची कमतरता आहेच, मग कंपनीच्या वाट्याला काय उरतं?

खालून पण वेळ कमी होतोय. २०२२ पासून अग्निवीर येतायत, चार वर्षं आणि त्यातले २५ टक्केच पुढे राहणार. पोरं तयारीची आहेत, आमच्या गावातलीच आहेत, त्यांच्या जिद्दीबद्दल शंका नाही. पण मला नायक व्हायला नऊ वर्षं लागली आणि त्या नऊ वर्षांत मी दोन सेक्शन कमांडरांच्या हाताखाली शिकलो. जो पोरगा चौथ्या वर्षी नुकता कामाचा होतो त्याला आपण घरी पाठवतो. उद्याचे सेक्शन कमांडर निवडायला मागे किती जण राहणार, हा हिशोब कुणीतरी कंपनीत बसून करायला हवा.

म्हणून दोन मागण्या. कंपनी कमांडरला त्याच कंपनीत सलग दोन वर्षं ठेवा, मध्ये कोर्स किंवा तात्पुरत्या ड्युटीला काढू नका. आणि इन्फंट्रीत तरी २५ टक्क्यांचा आकडा वाढवा, किती ते ठरवताना दिल्लीतल्या अधिकाऱ्यांबरोबर चार सुभेदार साहेबांनाही बोलवा, त्यांना विचारा.

आमच्या गावात दर महिन्याला माजी सैनिकांची बैठक असते. तुमचं उत्तर आलं तर तिथे सगळ्यांसमोर वाचून दाखवीन.

आपला,
एक माजी सीएचएम
जि. सातारा