२५०० फूट

सांगली, रविवार दुपार

चि. अनू हिस,
अनेक आशीर्वाद.

काल फोन कट झाला नाही, मीच केला. तू नकाशा पाठवलास, शाळेभोवती गोल, गोलाच्या आत तुमचं नवं घर. "आई, इथे तसला माणूस राहूच शकत नाही, कायदाच आहे," म्हणालीस. मी विचारलं, दुपारी चिऊपाशी कोण असतं? चिडलीस. एवढं कर्ज काढून, कलम न् कलम वाचून घर निवडलंस आणि आईला हेच सुचावं! बरोबर आहे तुझं.

तू पाठवलेलं सगळं वाचलं, बाबांचं भिंग घेऊन. लहान मुलांना छळल्याबद्दल शिक्षा झालेल्याने किती लांब राहायचं, तर फ्लोरिडात १००० फूट, तुमच्या मायामी-डेडमध्ये २००५ पासून शाळेपासून २५०० फूट. म्हणजे पाऊण किलोमीटर, आपल्या दारापासून गणपतीच्या देवळापर्यंत. शिक्षा भोगून सुटलेल्यांना जागाच मिळेना, म्हणून ते ज्युलिया टटल पुलाखाली तंबू ठोकून राहिले, २०१० साली तिथूनही उठवले. मला दया आली नाही, खोटं कशाला बोलू. पण त्यांचा पत्ता निदान सरकारला ठाऊक होता.

आणि ज्या लॉरेन बुकच्या नावाने तो नियम, तिचं नीट वाचलंस का? वडिलांची राजकारण्यांत ऊठबस, त्यांनीच खटपट करून गावोगाव हे करवून घेतलं. लेकीला छळणारी मात्र घरातच राहणारी आया होती. वर्षानुवर्षं. तिथे फूट कुठून मोजायचे?

चिऊला सांगून ठेव, कुणी "हे आपलं गुपित" म्हणालं की तेच आधी आईला सांगायचं. पापा मागितला आणि तिला नको असेल तर देऊ नये, मग ते आजोबा का असेनात. अंघोळ तूच घाल. आणि दुपारी... झालं, पुन्हा तेच. तू शिकलेली, तुला मी काय सांगणार? माफ कर.

मे महिन्यात सगळी भावंडं मिरजेला जायची. तू रडून घर डोक्यावर घ्यायचीस, मी पाठवत नसे. "खडूस आई." बापूकाका फुटाण्यांचा पुडा आणायचे आणि माडीवर बोलवायचे. मी नऊ वर्षांची होते. तुझ्या आजीला सांगितलं तर म्हणाली, गप्प बस. पण दुसऱ्या दिवसापासून रोज दुपारी मला आपल्याजवळ तांदूळ निवडायला बसवू लागली. निवडलेलेसुद्धा पुन्हा निवडायला लावायची. तिला तेवढंच करता आलं. बापूकाकांच्या तेराव्याला लाडू मीच वळले.

बाबांना यातलं माहीत नाही. विचारू नकोस.

घर फार छान आहे गं. बाबांनी फोटो दूधवाल्यालासुद्धा दाखवला. माझी लेक असं घर घेईल, असं मला कधी वाटलं नव्हतं. मेतकूट आणि भाजणी शिंदे वहिनींबरोबर पाठवते आहे, भाजणीत या वेळी धणे जास्त पडलेत.

दुपारचं तेवढं कळव. रागावून कळवलंस तरी चालेल.

तुझी,
आई