जुन्या रेझरला चिंच नको, अर्धे ब्लेड तर नकोच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत जुन्या घरगुती वस्तूंवर आलेल्या लेखात एकधारी ब्लेडच्या जुन्या सेफ्टी रेझरांचा उल्लेख वाचून आनंद झाला. मात्र त्यातल्या दोन सूचना वाचकांनी जशाच्या तशा अमलात आणल्या, तर रेझर तरी कामातून जाईल किंवा गाल तरी. पहिली सूचना चिंच-मीठ लावून रेझर उजळवण्याची. दुसरी, या रेझरांना लागणारे ‘जेम’ नावाचे एकधारी ब्लेड मिळत नसेल तर नेहमीचे दुधारी ब्लेड मधोमध मोडून बसवण्याची. दुसरी जास्त धोक्याची आहे, म्हणून आधी तिच्याबद्दल लिहितो.

सलूनमध्ये कारागीर ब्लेडचे दोन तुकडे करून अर्धे ब्लेड वस्तऱ्यात बसवतो, हे आपण रोज पाहतो. तो वस्तरा त्या अर्ध्या ब्लेडसाठीच बनवलेला असतो आणि ते पूर्ण लांबीभर घट्ट धरून ठेवतो. जेमच्या रेझरचे गणित वेगळे. दुधारी ब्लेडची जाडी साधारण ०.१ मि.मी., तर जेमच्या ब्लेडची ०.२३ मि.मी. म्हणजे दुपटीहून जास्त. शिवाय जेमच्या ब्लेडला मागच्या कडेला धातूची जाड पट्टी असते. या पट्टीला आपण ‘पाठ’ म्हणू. ही पाठ नुसती बोटांनी धरायला दिलेली नाही, रेझरची सगळी यंत्रणा तिच्यावर चालते.

‘जेम १९१२’ या नावाने ओळखला जाणारा रेझर हातात घेऊन पाहा. झाकण मागच्या बिजागरीवर वर उघडते. पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत धातूचे दोन बारीक टेकू दिसतात आणि झाकणाच्या आत मागे स्प्रिंगच्या पट्ट्या. ब्लेड ठेवून झाकण दाबले की स्प्रिंग पाठीला पुढे रेटते आणि धारेची दोन्ही टोके टेकूंना जाऊन भिडतात. धार किती बाहेर राहणार, हे त्या दोन टेकूंवर ठरते. नंतरच्या ‘मायक्रोमॅटिक’मध्ये झाकण दांड्याच्या बुडाची मूठ पिळून उघडते-मिटते, पण पाठीला ढकलून धार टेकूंवर आणण्याचे तत्त्व तेच. अर्ध्या दुधारी ब्लेडला पाठच नाही, तेव्हा त्याला ढकलणार कोण? ते सैल राहते, तिरके होते, गालावर थरथरते. मग एक बाजू नुसती खरवडते आणि दुसरी कापते.

म्हणून रेझर विकत घेताना चकाकी पाहू नका, टेकू पाहा. नखाने चाचपून दोन्ही शाबूत आहेत आणि सारख्या उंचीचे आहेत याची खात्री करा. नंतर ब्लेड बसवून, झाकण मिटून रेझर खिडकीच्या उजेडाकडे धरा. धारेची रेषा झाकणाच्या कडेशी समांतर दिसली पाहिजे. एका टोकाला ती जास्त बाहेर आली असेल तर तीन शक्यता असतात. एका बाजूचा टेकू झिजलाय, एका बाजूची स्प्रिंग मेलीय किंवा रेझर कधीतरी पडून झाकण वाकलेय. स्प्रिंग नुसती मळाने अडली असेल तर धुतल्यावर सुटते. वाकलेले झाकण पकडीने सरळ करायला जाऊ नका, बिजागरीपाशी चीर जाते. टेकू तुटला असेल तर तो रेझर कपाटातच शोभेल, दाढीसाठी दुसरा शोधावा.

कोणत्या रेझरला कोणते ब्लेड, हेही लेखात आले नव्हते. न्यूयॉर्कच्या काम्फे बंधूंनी १८८० मध्ये पेटंट घेतलेल्या ‘स्टार’ रेझरला वस्तऱ्याचा तुकडा वाटावा असे पाचरीच्या आकाराचे जाड ब्लेड लागते. त्याला चामड्याच्या पट्ट्यावर धार लावावी लागते. ‘व्हॅलेट ऑटोस्ट्रॉप’ या जुन्या रेझरचे ब्लेड आणखी वेगळे. जेमचे आजचे ब्लेड ‘जेम’ आणि ‘एव्हर-रेडी’ या नावांनी निघालेल्या विसाव्या शतकातल्या रेझरांना बसते. ते बहुधा ऑनलाइन मागवावे लागते किंवा अमेरिकेतले नातेवाईक येताना घेऊन येतात. (विमानात ते हातातल्या सामानात चालत नाही, चेक-इन बॅगेत टाकायला सांगा.) मागवताना डबीवर ते दाढीसाठी असल्याचे आणि लेपाचे स्टेनलेस स्टील असल्याचे लिहिलेले हवे. काचेवरचा रंग खरवडायची एकधारी ब्लेडे दिसायला अगदी तशीच, पाठीसकट असतात. त्यांची धार दाढीसाठी घासलेली नसते.

आता चिंच-मीठ. तांब्या-पितळेच्या भांड्याला ते चालते, कारण घासायच्या बाजूला धातू उघडाच असतो, वर मुलामा नसतो. या रेझरांचे अंग बहुधा पितळेचे आणि वर निकेलचा पातळ मुलामा, काहींवर सोन्याचा त्याहून पातळ. शंभर वर्षांत त्या मुलाम्याला डोळ्यांना न दिसणारी छिद्रे पडलेली असतात. चिंचेतले आम्ल आणि मीठ त्यांतून आत उतरते आणि पितळेतले जस्त खाते. मग लालसर डाग उमटतात, मुलामा फुगतो आणि पापुद्रे सुटतात. पितांबरीसारख्या पावडरीने घासल्यास सोन्याचा मुलामा एकाच हातात उडतो.

खरे तर अशा रेझरला फार थोडे लागते. कोमट पाण्यात भांडी घासायच्या द्रवसाबणाचे चार-पाच थेंब टाकून तो वीस मिनिटे बुडवून ठेवावा. दांडा प्लॅस्टिकचा किंवा बेकेलाइटचा असेल तर नुसते डोके बुडवावे. उकळते पाणी कधीच नको. मग मऊ टूथब्रशने धारेखालचे रेझरचे दात आणि बिजागरी घासावी, स्प्रिंगच्या फटीतला साबणाचा जुना थर लाकडी टूथपिकने काढावा. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर हटत नसेल तर एक भाग व्हिनेगर, चार भाग पाणी करून जास्तीत जास्त पाच मिनिटे ठेवावे आणि लगेच भरपूर पाण्याने धुवावे. शेवटी सर्जिकल स्पिरिटने फक्त धातूचा भाग पुसावा. जुन्या प्लॅस्टिकच्या दांड्याला स्पिरिट लागले तर तो पांढरट पडून तडकू शकतो. बिजागरीला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरे. खोबरेल तेल घालू नये, ते काही महिन्यांत चिकट होऊन स्प्रिंग अडवते.

मुलामा नव्याने करून घ्यायचा मोह अनेकांना होतो. गाड्यांच्या सुट्या भागांवर क्रोम चढवणारे आधी बफवर, म्हणजे फिरत्या कापडी चाकावर, घासतात. त्या घासण्यात टेकूंच्या कडा गोल होतात, वरून चढलेल्या जाड थराने बिजागरी आवळते आणि पेटंटची कोरलेली अक्षरेही पुसली जातात. मळकट पण शाबूत निकेल असलेला रेझर माझ्या मते तसाच ठेवावा.

वापराबद्दल लेखात एकच वाक्य होते, तेही कोनाविना. दुधारी रेझरची सवय असलेला माणूस दांडा खाली झुकवून सुरुवात करतो आणि इथेच कापून घेतो. जेमचे सपाट झाकण आधी पूर्ण गालावर टेकवायचे, दांडा गालापासून दूर, जवळजवळ काटकोनात येतो. मग धार नुकती लागेल इतकाच दांडा खाली आणायचा. कोन बरोबर असला की केस कापल्याचा करकर आवाज स्पष्ट येतो. जाड, ताठ ब्लेडमुळे तो दुधारी रेझरपेक्षा मोठा असतो. आवाज थांबला आणि ओढल्यासारखे वाटले, तर दांडा फार खाली गेला असे समजावे.

हाताचा जोर अजिबात द्यायचा नाही. दोन-तीन सेंटिमीटरचे छोटे हात, दर वेळी फेस असलेल्या जागेवरच. पहिल्यांदा केसांच्या दिशेने, मग पुन्हा फेस लावून आडवा हात. उलटा हात पहिले काही आठवडे टाळलेला बरा, विशेषतः गळ्यावर, कारण तिथे केसांची दिशा वळते. रेझरचे डोके मोठे असल्याने नाकाखाली अडचण होते. तिथे वरचा ओठ दातांवर ताणून घ्यावा आणि अगदी आखूड हात मारावेत. खुल्या दातांचा मायक्रोमॅटिक चांगलाच आक्रमक आहे, नवख्याने ‘जेम १९१२’ने सुरुवात करावी.

दाढी झाल्यावर झाकण उघडून नळाखाली धरावे, झटकावे आणि झाकण उघडेच ठेवून रेझर सुकू द्यावा. धार कापडाने किंवा टॉवेलने पुसायची नाही, ती तिथेच मरते. लेप नसलेले कार्बन स्टीलचे ब्लेड मुंबई-कोकणच्या दमट हवेत रात्रीतून गंजते. ते काढून स्पिरिटमध्ये बुडवून वाळवावे. लेपाचे ब्लेड दाढीच्या राठपणानुसार पाच ते आठ वेळा नीट चालते. केस ओढले जायला लागले की बदलावे, आणखी एकदा चालवून घेऊ नये.

वापरलेले ब्लेड कचऱ्याच्या पिशवीत सुटे टाकू नका. ते ताठ असल्याने कागदाची गुंडाळी आणि प्लॅस्टिक आरपार फाडते, आणि पुढे हात जातो तो सफाई कामगाराचा. पत्र्याच्या डब्याच्या झाकणाला एक चीर पाडून त्यातून ब्लेडे आत टाकत जावीत. डबा भरला की चिकटपट्टीने बंद करून वर ठळक अक्षरांत ‘धारदार ब्लेडे’ असे लिहावे आणि तो घंटागाडीवर वेगळा, सांगून हातात द्यावा.

आपला,
एक वाचक, ठाणे