पिंजऱ्यातल्या बोकडांबद्दल

परभणी

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "एवढी शिकून शेवटी बोकडंच कोंडतेस होय?" तेव्हा नीट सांगता आलं नाही.

चारा किती पचला हे काढायची जुनी, पक्की रीत पिंजऱ्याचीच. बोकडाला वळताही येऊ नये एवढी जागा, खाली जाळी, मूत वेगळं, लेंड्या वेगळ्या. (बोकडच का, तर त्याचं मूत लेंड्यांत मिसळत नाही.) आधी दहा-पंधरा दिवस नव्या चाऱ्याची सवय, मग ५ ते ७ दिवस टाकलेला चारा, उरलेला चारा आणि चोवीस तासांच्या सगळ्या लेंड्या रोज तोलायच्या. माणसं थकतात, जनावरही कावतं. शेळी कळपातली, एकटी पडली की ओरडते, खाणं सोडते. आकडा काटेकोर येतो खरा, पण बांधावरच्या बोरी-बाभळी ओरबाडणाऱ्या आपल्या उस्मानाबादी शेळीला तो कितपत लागू?

माझं काम कोंडणं कमी करायचं आहे. चारा जाळला की उरलेल्या राखेतला थोडा भाग आम्लात उकळूनही विरघळत नाही, बराचसा वाळूसारखाच. तो शेळीलाही पचत नाही. जेवढा पोटात गेला तेवढा लेंडीतून बाहेर. समजा वाळलेल्या चाऱ्यात तो २ टक्के आणि वाळलेल्या लेंडीत ५ टक्के निघाला. म्हणजे १०० किलो चाऱ्यातला तो २ किलो भाग ४० किलो लेंडीत उतरला (४० चे ५ टक्के म्हणजे २), तर ४० किलो बाहेर पडले, ६० किलो पचले. सगळ्या लेंड्या कशाला गोळा करायच्या? काही दिवस सकाळ-संध्याकाळ मूठभर घेतल्या की भागतं. शेळ्या गोठ्यात मोकळ्या.

मात्र मातीने घात होतो. जमिनीवरून उचललेल्या लेंडीला माती चिकटली की चारा आहे त्याहून जास्त पचल्यासारखा दिसतो. म्हणून हातमोजा घालून थेट शेळीकडूनच घेतो. शिवाय ती पाला निवडते, काड्या टाकते, त्यामुळे उरलेला चाराही तपासावा लागतो. पिंजरा पुरता सुटलेला नाही, बाबा. थोड्या बोकडांवर दोन्ही रीतींनी ताळा घ्यावाच लागतो.

दिवाळीला आले की आपल्या शेळ्यांच्या लेंड्या आणि तुरीचं भुस्कट घेऊन जाईन. तोवर भुस्कट गव्हाणीतच टाका, खाली नको. आणि आई, पोती तू उचलू नकोस, शेजारच्या पोराला हाक मार. बाबांच्या गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळव.

तुमची,
ताई