ट्रकवर नाव आहे, चालक नाही

खेळण्यांवरील कंपन्यांच्या बोधचिन्हांविषयीचा लेख वाचला. ‘मुलांना खऱ्यासारखे खेळणे आवडते, त्यात बिघडले काय?’ हा त्यातील सूर पटला नाही. माझ्या नातीकडे घरपोच सामान देणाऱ्या एका कंपनीचा खेळण्यातला ट्रक आहे. दोन्ही बाजूंना ठसठशीत नाव, मागचे दारही उघडते. पण चालकाच्या जागी नुसते काळे प्लॅस्टिक. नात ‘ट्रक आला’ म्हणत नाही, कंपनीचे नाव घेते. खोकी उचलून जिने चढणारा माणूस खेळातून गायबच!

हे बदलता येत नाही असे नाही. लेगोच्या खेळण्यांवर १९६०च्या दशकापासून वेळोवेळी शेल या तेल कंपनीचे चिन्ह झळकत असे. ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेच्या मोहिमेनंतर २०१४मध्ये शेलबरोबरचा करार पुढे न वाढवण्याचे लेगोने जाहीर केले. करोनाकाळात, २०२०मध्ये, मॅटेल या खेळणी कंपनीने डॉक्टर, परिचारिका आणि घरपोच सामान देणारे कामगार यांच्या छोट्या प्रतिकृती बाजारात आणल्या. धंदा त्यातही होताच. पण निदान माणूस दिसत होता. ट्रकमध्ये चालक बसवायला महामारीच कशाला हवी?

– एक आजोबा