लघवी सुटते म्हणून पाणी तोडू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रजोनिवृत्तीबद्दल छापून येणारा मजकूर बहुधा गरम वाफा, चिडचिड आणि कॅल्शियमच्या गोळ्या यांपाशी थांबतो. शिंकताना लघवीचे थेंब जाणे किंवा दाराला किल्ली लावेपर्यंत कपडे ओले होणे, याबद्दल बायका डॉक्टरांपुढेही बोलत नाहीत. परस्पर एक उपाय मात्र करतात: पाणी तोडतात. एसटीचा प्रवास असो की लग्नाचा हॉल, सकाळपासून घोटभरही नाही. त्याने उलटेच होते. घट्ट झालेली लघवी मूत्राशयाला झोंबते आणि घाई वाढते. शौचाला खडा होतो आणि कुंथून कुंथून ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आणखी सैल पडतात. हृदय किंवा किडनीच्या आजारामुळे डॉक्टरांनी बंधन घातले नसेल, तर दिवसाला दीड ते दोन लिटर द्रव पोटात जायलाच हवे. तोडायचा असेल तर चहा-कॉफी तोडावी, आणि झोपण्याआधीचे दोन तास पिणे कमी ठेवावे.

गरम वाफा बहुतेकींना काही वर्षांत सोडून जातात. मूत्रमार्ग आणि योनीचा कोरडेपणा मात्र आपोआप जात नाही, उपचार न केल्यास वाढतो. इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन घटल्याने तिथले अस्तर पातळ होते, योनीतील उपयुक्त जिवाणू कमी होतात आणि लघवीची जळजळ, जंतुसंसर्ग पुन्हा पुन्हा होऊ लागतो. मग प्रत्येक वेळी कल्चर (लघवीत जंतू आहेत का ते पाहणारी तपासणी) न करताच अँटिबायोटिकचा कोर्स लिहून दिला जातो. अनेकदा तिथे जंतू नसून कोरडेपणाच असू शकतो, हे कल्चर केल्याशिवाय कळणार कसे?

उपचाराआधी गळती कोणती ते ठरवावे लागते. खोकताना, हसताना, हंडा उचलताना थेंब जातात ती एक. आधी जोराची घाई आणि मोरीपर्यंत पोचायच्या आतच सुटणे, ही दुसरी. अनेकींना दोन्ही असतात. यासाठी तीन दिवसांची वही पुरते. केव्हा काय प्यायले, केव्हा किती लघवी झाली (मिलिलिटरच्या खुणा असलेला प्लास्टिकचा मग वापरावा), केव्हा सुटली, तेव्हा काय चालले होते, एवढेच लिहायचे. दर वेळी जेमतेम शंभर मिलिलिटर होत असेल, तर मूत्राशय भरायच्या आतच त्याला जायची सवय लागली आहे. चोवीस तासांची बेरीज तीन लिटरच्या वर गेली, तर पिणे जास्त होते आहे किंवा साखर तपासायची वेळ आली आहे. औषधांची यादीही सोबत न्यावी. रक्तदाबाच्या रॅमिप्रिल, एनालाप्रिल या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला येतो आणि खोकल्याने लघवी सुटते. रक्तदाबाच्याच प्राझोसिनने मूत्रमार्गाचा झडपस्नायू सैल पडतो. गोळी मनाने बंद करू नये, बदलून मागावी.

पहिल्या प्रकाराला व्यायामच लागतो, आणि तोच सर्वांत जास्त चुकीचा केला जातो. वात अडवताना जो भाग आत-वर ओढला जातो, तो आवळायचा. तीन ते पाच सेकंद धरायचा, तेवढाच वेळ पूर्ण सोडायचा, असे आठ ते दहा वेळा, दिवसातून तीनदा. हळूहळू दहा सेकंदांपर्यंत न्यायचे. श्वास रोखला, नितंब किंवा मांड्या आवळल्या तर स्नायूला काही होत नाही. कित्येक जणी तर आवळण्याऐवजी खाली जोर देतात. अशाने गळती वाढते. लघवी मध्येच थांबवून रोजचा सराव करू नये, त्याने मूत्राशय पूर्ण रिकामे होत नाही. तीन महिने नेमाने केल्याशिवाय निकाल काढू नये. जमतेय की नाही हे कळत नसेल, तर या विषयातल्या फिजिओथेरपिस्टकडून एकदा तपासून घ्यावे. खोकला येतोय असे वाटताच आधी आवळून मग खोकायचे, ही युक्ती मात्र पहिल्या आठवड्यापासून उपयोगी पडते.

घाईच्या प्रकारात धावायचे नाही. जागीच थांबून पाच-सहा वेळा झटपट आवळावे, लाट ओसरू द्यावी, मग चालत जावे. दोन वेळांमधले अंतर दर आठवड्याला पंधरा मिनिटांनी वाढवत तीन तासांपर्यंत न्यावे. ‘निघण्याआधी उगाच एकदा जाऊन येते’ ही सवय हेच अंतर खाते. अर्थात, पुढच्या स्टँडवर स्वच्छ संडास असेल याची खात्री नसताना ही सवय कोणी सोडावी, हा प्रश्न आमच्या नव्हे, महामंडळाच्या अखत्यारीतला आहे.

कोरडेपणावर इस्ट्रोजेनचे योनीत लावायचे क्रीम मिळते. साधारण दोन आठवडे रोज रात्री, नंतर आठवड्यातून दोनदा, असे ते देतात. रक्तात ते फार थोडे जाते. तरी स्तनाचा कर्करोग झालेल्यांनी आधी आपल्या कर्करोगतज्ज्ञांना विचारावे. तोंडाने घ्यायच्या हार्मोनच्या गोळ्यांनी गळती सुधारत नाही, वाढूही शकते. पाळीचे पॅड किंवा जुन्या साडीची घडी लघवीसाठी नसते. ओल तशीच राहून जांघा सोलवटतात. लघवीचे पॅड वेगळे मिळतात. साबण, डेटॉल, सुगंधी वॉश तिथे लावू नयेत.

खांदा जखडणे, सकाळी बोटे आखडणे, तोंडाची आग, डोळ्यांत खुपणे, अंगावर मुंग्या चालल्यासारखी खाज, छातीत धडधड हेही या वयात दिसते. पण ‘वयाचेच’ म्हणण्याआधी थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर आणि धडधडीसाठी ईसीजी करावा.

‘अंगावरून जाते’ एवढ्यावरून पिशवी काढलेल्या बायका आपल्याकडे थोड्या नाहीत. 2019 मध्ये बीडच्या ऊसतोड कामगार महिलांचा प्रश्न गाजला तो यावरूनच. पिशवी नसली की पाळी बंद झाल्याची खूणच उरत नाही. सोबत अंडाशयही काढले असतील, तर पस्तिशीतही रजोनिवृत्ती तत्काळ सुरू होते. तेव्हा डिस्चार्ज कार्डावर अंडाशय ठेवले की काढले ते पाहून घ्यावे, आणि काढले असल्यास हाडांबद्दल व हार्मोनबद्दल लगेच सल्ला घ्यावा.

पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक डाग जरी दिसला, लघवीतून रक्त गेले किंवा अंग बाहेर आल्यासारखे वाटले, तर व्यायाम करत बसू नये. त्याच आठवड्यात तपासणी करून घ्यावी.

आपल्या,
स्त्रीरोग व फिजिओथेरपी क्षेत्रात काम करणाऱ्या काही जणी, पुणे