ओमाहाला ये, मग ठरव

ओमाहा, नेब्रास्का

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. ‘सीझन वाया गेला, पोर्टलमध्ये नाव घालतोय.’ एवढंच. म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीत. फोन केला असता तर तू ‘हं’, ‘बघू’च्या पुढे गेला नसतास, म्हणून सरळ लिहायला बसले.

सोमवारी कॉलेज बेसबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेतल्या 64 संघांची नावं टीव्हीवर जाहीर झाली आणि त्यात तुमचं नव्हतं. ते दुःख सगळ्या संघाचं आहे, चार दिवसांत ओसरेल. तुझं दुःख निराळं आहे. फेब्रुवारीच्या मध्यापासून तुम्ही खेळताय. तुमच्या मैदानावर बर्फ होता, म्हणून सुरुवातीचे आठवडे दक्षिणेत बसनं वणवण झाली. मग दर शुक्रवार, शनिवार, रविवार एकेक सामना, मध्येच मंगळवारी आणखी एक. एवढ्या पन्नासावर सामन्यांत पिचर म्हणून चेंडू टाकायला तुझ्या वाट्याला आलेल्या इनिंग बोटांवर मोजाव्यात इतक्याच.

माझी स्कोअरची वही तुला माहीत आहे. बॅटर तीन स्ट्राइकवर बाद, म्हणजे स्ट्राइकआउट झाला की के, बॅट न फिरवता गेला की उलटा के. पण सातव्या इनिंगला तू जॅकेट काढलंस, बुलपेनमध्ये, त्या पिचरांच्या सरावाच्या कोपऱ्यात, जोर लावून हात गरम केलास आणि तेवढ्यात एकाच चेंडूवर दोघं बाद, डबल प्ले झाला म्हणून परत जाऊन बसलास, तर हे लिहायला त्या वहीत चौकोनच नाही. मी ते समासात लिहीत गेले. परवा पानं चाळली तर समास भरलेले दिसले. कोचनं तुला फक्त डावखुऱ्या बॅटरपुरतं ठेवलं हे मलाही पटलेलं नाही. तू उगाच कुरकुर करतोयस असं मला मुळीच वाटत नाही.

तरीही नाव घालण्याआधी इथे ये. दोन आठवड्यांनी कॉलेज वर्ल्ड सिरीज, म्हणजे या स्पर्धेचा शेवटच्या आठ संघांचा टप्पा, सुरू होईल. लहानपणी तू ती मजा म्हणून बघायचास. आता पिचर म्हणून बघ.

स्पर्धेची रचना तुला मी काय सांगणार? पण तिचा एक परिणाम बघ. पहिल्या फेरीत सोळा ठिकाणी चार-चार संघ, आणि बाहेर पडायला दोनदा हरावं लागतं. म्हणजे शुक्रवारी हरलेल्या संघाला जिवंत राहायला शनिवारी खेळायचं, रविवारी दोनदा खेळायचं, आणि तेही जमलं तर सोमवारी पुन्हा. तोवर चांगले पिचर संपलेले असतात. मग कोच बाकाच्या टोकाला बसलेल्या मुलाकडे बघतो. एप्रिलमध्ये ज्याला कुणी विचारत नव्हतं, त्याच्या हातात चेंडू येतो. दर जूनला हे होतं आणि दर जूनला मी त्याच मुलाकडे बघत असते. ओमाहाला आलेल्या आठ संघांचंही असंच, अंतिम फेरीपर्यंत; तिथे तिनातले दोन सामने जिंकायचे.

2009 मध्ये ऑस्टिनला टेक्सास आणि बॉस्टन कॉलेजचा सामना, एरवी नऊ इनिंगचा, 25 इनिंग चालला. टेक्सास 3-2 असा जिंकला. ऑस्टिन वुड हा त्यांचा रिलीफ पिचर, डावखुराच, मध्येच आला आणि 13 इनिंग टाकून गेला. 169 चेंडू! लोक आजही कौतुकानं सांगतात. मला त्यात त्या मुलाचं कौतुक वाटतं, त्याला एवढा वेळ उभा ठेवणाऱ्यांचं नाही. कुणी तुला असं वापरायला निघालं तर तू सरळ नाही म्हण. हात तुझा आहे.

2021 ला इथेच नॉर्थ कॅरोलिना स्टेटच्या संघात कोविड शिरला आणि व्हॅन्डरबिल्टविरुद्ध उतरायला 13 जण उरले. एरवी बाकावर बसणारी मुलं त्या दिवशी मैदानात होती. 3-1 असे हरले, पण ती त्यांची इथली पहिलीच हार, म्हणजे अजून एक सामना हातात होता. त्याच मध्यरात्रीनंतर कळलं की तो सामना होणार नाही, घरी जा.

आणि पिचर कुमार रॉकर. त्याच्या आईचं घराणं भारतातलं, म्हणून आपल्याकडे सगळ्यांना तो ठाऊक. 2019 मध्ये व्हॅन्डरबिल्टला पहिल्याच वर्षाला होता. ओमाहाच्या आधीच्या फेरीत व्हॅन्डरबिल्ट ड्यूककडून पहिला सामना हरलं होतं, दुसरा हरलं असतं तर सीझन संपला असता. त्यानं 19 स्ट्राइकआउट घेतले, एकही हिट दिली नाही. पुढे इथे येऊन ते विजेते झाले आणि मोस्ट आउटस्टँडिंग प्लेअर तोच ठरला. दोन वर्षांनी याच मैदानावर, अंतिम फेरीच्या तिसऱ्या सामन्यात, तोच कुमार मिसिसिपी स्टेटपुढे हरलेला पिचर होता. 9-0. मग मोठ्या लीगमधल्या न्यूयॉर्क मेट्सनी त्याला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, घेतलं आणि तपासणीनंतर करारच केला नाही. नंतर कोपराचं ऑपरेशन. सप्टेंबर 2024 मध्ये तो टेक्सास रेंजर्सकडून पहिल्यांदा मोठ्या लीगमध्ये उतरला. त्या मधल्या वर्षांत त्याच्या आईनं काय काय सोसलं असेल, हे माझ्या मनात येतंच.

2018 चा तो फाउल तुला आठवत असेलच. आर्कान्सॉ विजेतेपदापासून एका आउटवर होतं. ओरेगॉन स्टेटच्या बॅटरचा चेंडू फर्स्ट बेसच्या बाहेर उंच उडाला, आर्कान्सॉचे तिघं झेलायला धावले आणि तिघांच्या मध्ये तो जमिनीवर पडला. त्याच बॅटरनं मग हिट मारून बरोबरी केली, ट्रेव्हर लारनाकनं होमरन मारला, 5-3. दुसऱ्या दिवशी केव्हिन एबल नावाच्या पहिल्या वर्षाच्या पोरानं पूर्ण सामना एकट्यानं टाकला आणि ओरेगॉन स्टेट 5-0 असं विजेतं झालं. घरी येताना तू गाडीत विचारत राहिलास, ‘तिघांतल्या कोणी ओरडायला हवं होतं?’ त्या उन्हाळ्यात तू अंगणात साध्या चेंडूखालीही ‘माझा! माझा!’ असं मराठीत ओरडायचास आणि शेजारची पोरं बघत राहायची.

आता व्यवहाराचं. पोर्टलमध्ये नाव गेलं की कॉलेज तुझी स्कॉलरशिप पुढे चालू ठेवायला बांधील राहत नाही, हे आधी नीट वाच. खेळाडूंना पैसे देण्याची नवी व्यवस्था स्वीकारलेल्या कॉलेजांनी रोस्टर, म्हणजे संघातल्या खेळाडूंची संख्या, 34 वर आणलं आहे. तिथून सुटलेली चांगली मुलंही पोर्टलमध्ये आहेत, त्यामुळे गर्दी मोठी आहे. स्कॉलरशिपचं काही झालं तरी फी आम्ही बघू, तो विचार तू डोक्यात आणू नकोस. पण निघायचं तर कुठे तुला जास्त टाकायला मिळेल, तुझ्या विषयाचे किती क्रेडिट तिथे धरतील, हे विचारून निघ. कोचला भेट आणि तोंडावर विचार की पुढच्या वर्षी माझं काय. तो काय म्हणतो ते ऐकून जायचं ठरलं, तर सामान भरायला मी स्वतः येईन.

पहिल्या शनिवारची तिकिटं बघते आहे. बुलपेन नीट दिसेल अशी जागा धरू. बाबा म्हणतात, उन्हात नको, रात्रीचा सामना बघू. मला दोन्ही चालतील. तुझी परीक्षा कधी संपते ते आजच कळव, म्हणजे विमानाचं बघता येईल. आणि खांद्याचे व्यायाम सुट्टी लागली म्हणून सोडू नकोस.

तुझी,
आई