‘डिड नॉट वेन्ट’चं मूळ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शेजारचा सहावीतला मुलगा परवा वही घेऊन आला. ‘गो-वेन्ट-गॉन’ वगैरे ८० क्रियापदं, एबीसीडीच्या क्रमाने, प्रत्येक पाच वेळा लिहिलेलं. तक्ता चोख पाठ, कुठूनही विचारा. म्हटलं, काल खेळायला गेला नाहीस, हे इंग्रजीत सांग. उत्तर आलं, ‘आय डिड नॉट वेन्ट.’

मी ३१ वर्षं इंग्रजी शिकवलं. या एका चुकीवर किती लाल शाई सांडली, त्याचा हिशेब नाही. ती का होते हे मात्र नोकरीच्या शेवटी शेवटी उमगलं, तेही एका विद्यार्थिनीमुळे. “बाई, गोष्ट कालची आहे ना, मग ‘गो’ कसं?” असं ती म्हणाली आणि मी गप्प झाले. मराठीत ‘गेलो’, ‘गेलो नाही’, ‘गेलास का?’ काहीही म्हणा, क्रियापद भूतकाळातच राहतं. इंग्रजीत नकार किंवा प्रश्न आला की भूतकाळ ‘डिड’ उचलतो आणि क्रियापद मूळ रूपात परततं. म्हणजे मूल तक्ता विसरलेलं नसतं, ते मराठीच्या शिस्तीने चाललेलं असतं. फळ्यावर ‘वेन्ट’ फोडून ‘डिड अधिक गो’ लिहिलं की पाच मिनिटांत उजेड पडतो. ती पाच मिनिटं मी कित्येक वर्षं दिली नाहीत, तक्तेच लिहून घेतले.

उच्चारांचंही तेच. भूतकाळासाठी क्रियापदाला जोडलेला ‘ईडी’ आपण लिहू तसा वाचतो, म्हणून मुलं ‘वॉकेड’, ‘वॉशेड’ म्हणतात. याचा नियम आपल्या वर्णमालेतच आहे. गळ्यावर दोन बोटं ठेवून नुसता ‘स्स्स’ काढा, मग ‘झ्झ्झ’. दुसऱ्याला गळा थरथरतो. क्रियापदाचा शेवट क, प, श, स अशा कठोर ध्वनीने झाला तर पुढचा ‘ड’ही कठोर होऊन ‘ट’ होतो: वॉक्ट, वॉश्ट. मृदू ध्वनी किंवा स्वर असेल तर ‘ड’ तसाच: रब्ड, कॉल्ड, प्लेड. शेवटी ट किंवा ड असेल तरच मध्ये स्वर घ्यायचा: वॉन्टिड, नीडिड. संधी शिकलेल्या मुलांना यात नवल वाटत नाही. वर्गभर पोरं गळे धरून बसलेली पाहून एकदा मुख्याध्यापक दारात थबकले होते, ते सोडा.

राहिली अनियमित क्रियापदं. रोज तोंडात असणारीच नेमकी अनियमित असतात: गो, डू, से, कम, टेक. सतत कानावर पडत असल्यामुळे त्यांची जुनी रूपं टिकली. ‘वेन्ट’ तर मुळात ‘वेन्ड’ या वेगळ्याच क्रियापदाचा भूतकाळ, ‘गो’ने तो आपलासा केला. आपलं तरी काय वेगळं आहे? जा-गेला, कर-केला, ये-आला. माझी चार वर्षांची नात ‘मी चित्र करलं’ म्हणते, तेव्हा कोणी तिला तक्ता देत नाही. उलट ‘लिहिला, लिहिली, लिहिलं’ हा आपला व्याप इंग्रजीत नाहीच. एकटं ‘रोट’ सगळ्यांना पुरतं. फक्त ‘वॉज’ आणि ‘वर’ एवढे दोन सांभाळायचे.

गृहपाठ देणाऱ्यांना आणि वह्या छापणाऱ्यांना माझी विनंती एवढीच, की तक्ता खुशाल द्या, पण तो एबीसीडीने लावू नका. सिंग-सँग, रिंग-रँग एकत्र. ग्रो-ग्र्यू, थ्रो-थ्र्यू एकत्र. थॉट, ब्रॉट, बॉट एकत्र. शेजारच्या मुलाने आता अशी वही केली आहे. पुट, कट, शट, हिट ही रूप न बदलणारी मंडळी त्याने ‘आळशी’ या मथळ्याखाली घातली आहेत. ‘रीड’ त्यात धरायचं की नाही यावर आमचा वाद चालू आहे. लिहिताना ते आळशी आहे, बोलताना त्याचं ‘रेड’ होतं.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका